नॅशनल पार्कची मोजदाद: कुणी काय मोजलं आणि काय राहून गेलं

नॅशनल पार्कातल्या बिबट्यांचा नवा आकडा जाहीर झाला की बोरिवली, ठाणे, मुलुंडच्या आपल्या सगळ्या ग्रुपांवर तो दोन दिवस फिरतो. आकडा वाढला म्हणून अर्धे लोक खूश, जंगल टिकलंय म्हणतात. उरलेले अर्धे घाबरतात, आता सोसायटीत येणार म्हणतात. पण दोघंही एक गोष्ट गृहीत धरून बोलत असतात, की बिबट्यांचा आकडा म्हणजेच जंगलाची तब्येत. आता बघा, तुम्ही डॉक्टरकडे गेलात, त्याने फक्त वजन केलं आणि "ठणठणीत आहात" म्हणून परत पाठवलं, तर तुम्ही त्याच्याकडे पुन्हा जाल का?

या जंगलाचा इतिहास मी गेली काही वर्षं जमेल तसा वाचतोय, आणि त्यात एक गोष्ट सतत दिसते. हे जंगल कुणी मोजलंच नाही असं अजिबात नाही. जवळजवळ दोन हजार वर्षं कुणी ना कुणी ते मोजतंय. मात्र प्रत्येकाने आपल्याला हवं होतं तेवढंच मोजलं, आणि जे मोजलं तेवढ्याचीच काळजी घेतली. बाकीचं देवावर सोडलं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात कान्हेरीपासून. आपण तिथे शाळेच्या सहलीत गेलो, मोठ्या चैत्यगृहात उभं राहून आवाज घुमवला, फोटो काढले आणि उतरलो. पण कान्हेरीत खरी बघायची गोष्ट पायाशी आहे: पाण्याची टाकी. शंभरावर लेणी आहेत आणि बहुतेक लेण्याच्या तोंडाशी खडकात कोरलेलं टाकं आहे. उतारावर पन्हळी कोरल्यात, त्या पावसाचं पाणी गोळा करून टाक्यात आणतात. तिथल्या ब्राह्मी लेखांमध्ये या टाक्यांसाठी "पोढी" असा शब्द येतो. कल्याण, सोपारा, नाशिककडच्या दात्यांनी लेणी दिली तशा पोढीही दिल्या, आणि दान कुणाचं ते दगडावर लिहून ठेवलं.

म्हणजे या डोंगरातल्या नैसर्गिक साधनाची सगळ्यात जुनी लेखी नोंद ही पाण्याची आहे, आणि ती खातेवहीसारखी आहे: अमुक गावच्या अमक्याने एक लेणं आणि एक पोढी दिली. हिशेब साधाच असणार. पाऊस चार महिने, कोरडे दिवस आठ महिने, आणि डोंगरावर राहणारी शेकडो माणसं. टाकं किती खोल कोरायचं हे माहीत असल्याशिवाय इतकी वस्ती इथे शेकडो वर्षं टिकली नसती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून ते दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत हे चाललं. मला तर वाटतं, कान्हेरी हा जेवढा धर्माचा वारसा आहे तेवढाच पाण्याच्या नियोजनाचा आहे. या दुसऱ्या वारशाबद्दल तिथे थांबून कुणी फारसं बोलत नाही, एवढंच.

त्यानंतर मोठी उडी मारून एकोणिसाव्या शतकात येऊ, कारण आजचं जंगल जे उभं आहे त्याचं मूळ तिथे आहे.

मुंबई बेट तेव्हा विहिरी आणि तळ्यांच्या पाण्यावर जगत होतं. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं त्याच दिवसांची. तळी बुजली, नावं राहिली. १८४५ मध्ये पाण्याच्या टंचाईवरून इतकी ओरड झाली की सरकारला समिती नेमावी लागली. पुढे हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरने साष्टीच्या डोंगरात मिठी नदीचं खोरं अडवायची योजना मांडली. १८५६ मध्ये काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी शहरात आलं. तेही पुरेना, म्हणून १८७९ मध्ये वरच्या अंगाला तुळशी तलाव झाला. १८९१ च्या सुमारास पवईही बांधला, पण त्याचं पाणी पिण्यालायक ठरलं नाही. घाईत केलेल्या कामाची ही आपल्याकडची जुनी रीत.

आता मुद्दा असा, की तळ्याचं पाणी स्वच्छ राहायचं असेल तर वरच्या डोंगरावर वस्ती नको, शेती नको, गुरं नकोत. झाडं हवीत, म्हणजे माती वाहून तळ्यात येणार नाही. विहार-तुळशीच्या पाणलोटातलं जंगल राखलं गेलं ते या हिशेबाने. वाघ-बिबट्यांसाठी नव्हे, फुलपाखरांसाठी तर नव्हेच. तेव्हाच्या दप्तरातली मोजमापं बघितली तर ती पावसाची, तळ्याच्या पातळीची आणि नळातून जाणाऱ्या पाण्याची आहेत. जंगल हे तळ्याचं झाकण होतं, म्हणून ते वाचलं.

आज काय स्थिती आहे? विहारची क्षमता २७,६९८ दशलक्ष लिटर, तुळशीची ८,०४६. आकडे ऐकायला मोठे आहेत. पण तानसा १८९२ मध्ये आला, मग वैतरणा, मग भातसा. मुंबईला आता रोज सुमारे चार हजार दशलक्ष लिटर पाणी लागतं आणि त्यात विहारचा वाटा साधारण ९०, तुळशीचा १८. शंभर लिटरमागे तीन लिटरसुद्धा नाही. शहराची तहान शंभर किलोमीटर लांबच्या शहापूर-मोखाड्याने भागवायला सुरुवात केली आणि आपल्या डोंगराचं पाणी हा आपल्या बोलण्याचा विषयच राहिला नाही. जून-जुलैत "तुळशी भरून वाहू लागला" ही बातमी येते तेवढ्यापुरता तो आठवतो.

पाण्यानंतर मोजायला घेतली ती जमीन. स्वातंत्र्याच्या आसपास "कृष्णगिरी उपवन" या नावाने जे राखीव झालं ते जेमतेम २० चौरस किलोमीटर होतं. कृष्णगिरी म्हणजे कान्हेरीच, त्याच शब्दाचं मूळ रूप. १९६९ पासून आजूबाजूची राखीव वनं जोडत जोडत बोरिवली नॅशनल पार्क झालं, पुढे संजय गांधींचं नाव मिळालं, आणि आज ते सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. कागदावर मोठं यश. पण सीमारेषा कागदावर आखली की ती जमिनीवरही उमटते असं थोडंच आहे!

याची दोन उदाहरणं देतो, दोन्ही आपल्या शेजारची. पहिलं खासगी वनांचं. १९५६-५७ च्या सुमाराला भारतीय वन कायद्याखाली अनेक जमीनमालकांना नोटिसा निघाल्या होत्या, की तुमची जमीन वन म्हणून का घोषित करू नये. त्यावर पुढे काहीच झालं नाही, फायली पडून राहिल्या. १९७५ मध्ये खासगी वनं सरकारजमा करण्याचा कायदा आला. आणि मग तीसेक वर्षांनी त्या जुन्या नोटिसांच्या आधारे मुलुंड, कांदिवली, ठाणे भागातल्या इमारती उभ्या असलेल्या जमिनींच्या सातबाऱ्यावर "वन" अशी नोंद चढू लागली. कर्ज काढून फ्लॅट घेतलेल्या हजारो कुटुंबांना अचानक कळलं की आपण जंगलात राहतो. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली, ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जमिनीवर झाड नाही, दप्तरात वन आहे.

दुसरं उदाहरण नेमकं उलटं: झाडं आहेत, दप्तरात वन नाही. आरे कॉलनी. १९४९ मध्ये दुधाच्या योजनेसाठी घेतलेली तीन हजार एकरांहून जास्त जागा, पार्कला लागून. तिथे बिबट्या आहे, आदिवासी पाडे आहेत, आरेच्या नावावरून शास्त्रीय नाव मिळालेला विंचू आहे (लायकस आरेएन्सिस, नाव मुद्दाम लक्षात ठेवा). पण महसुलाच्या कागदावर ती दुग्धविकास खात्याची जमीन. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने आरेला जंगल ठरवण्याची मागणी फेटाळली आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. पुढच्याच वर्षी याच आरेतली आठशेच्या वर एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित करायचं ठरलं. जमीन तीच, गवत तेच, बिबट्या तोच. बदलला तो फक्त शब्द.

कारशेडच्या बाजूने की विरोधात, हा वाद मी इथे उकरत नाही. मला एवढंच दाखवायचंय, की एकरांत मोजलं की जंगलाची स्थिती कळत नाही, फक्त मालकी कळते.

मग माणसं मोजली. आणि माझ्या मते या जंगलाच्या इतिहासातली सर्वात वाईट मोजदाद ती होती.

१९९५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने अतिक्रमणांविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका केली. ७ मे १९९७ ला आदेश आला: पार्कातल्या झोपड्या हटवा, १ जानेवारी १९९५ च्या आधीच्या झोपडीधारकांनी ७,००० रुपये भरायचे आणि त्यांना बाहेर घर मिळणार. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जे झालं ते बोरिवली पूर्व, कांदिवली पूर्व, मालाडच्या डोंगरउतारावर राहिलेल्यांना सांगायला नको. हेलिकॉप्टर, बंदोबस्त, बुलडोझर. अतिक्रमण नव्हतंच असं मी म्हणणार नाही. दादालोकांनी जंगलाचे तुकडे पाडून विकले होते, दगडखाणी चालू होत्या. पार्कच्या कडेची कित्येक एकर जमीन त्या कारवाईने मोकळी झाली हेही खरं. पण त्या यादीत चुनापाडा, नवापाडा, तुमनीपाडा अशा पाड्यांवरचे वारली आणि इतर आदिवासीसुद्धा "अतिक्रमणधारक" म्हणून आले. पार्क होण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे असलेल्या माणसांकडे १९९५ च्या आधीचा पुरावा मागितला गेला! रेशनकार्ड, मतदारयादी. ज्यांच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, त्यांच्याकडे लाईटबिल कुठून येणार? वनहक्क कायदा त्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, २००६ मध्ये आला. पाड्यांचं भांडण आजही मिटलेलं नाही.

आणि यात जंगलाचंही नुकसान झालं, ही गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. कुठला झरा मे महिन्यात जिवंत असतो, कुठल्या उतारावर वणवा दरवर्षी लागतो, कारवी कुठे दाट असायची आणि आता कुठे घाणेरी माजली आहे, हे ज्यांना तोंडपाठ होतं त्यांच्याकडून ते टिपून घ्यायला हवं होतं. आपण त्यांचीच शिरगणती केली, तीही हाकलण्यासाठी.

आता बिबट्या. इथे मात्र मोजण्याची पद्धत बदलल्याने किती फरक पडतो त्याचं छान उदाहरण मिळतं.

पूर्वी देशभर वाघ-बिबटे मोजायचे ते पायाच्या ठशांवरून. ओल्या मातीत ठसा सापडला की त्यावर काच ठेवायची, काचेवर ठसा गिरवायचा, मग ट्रेसिंग पेपरवर उतरवायचा. प्रत्येक जनावराचा ठसा वेगळा ओळखता येतो अशी समजूत. माती भुसभुशीत असेल तर ठसा पसरतो, उतारावर तिरका होतो, मोजणाऱ्याची नजर वेगळी. २००५ च्या सुमाराला राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, तेव्हा ही पद्धत देशाच्या पातळीवर मोडीत निघाली.

आपल्याकडे त्याच सुमारास वेगळाच हाहाकार होता. जून २००४ या एका महिन्यात पार्कच्या कडेला बिबट्याच्या हल्ल्यात दहाच्या आसपास माणसं गेली. पिंजरे लागले, दिसेल तो बिबट्या पकडला जाऊ लागला. बिबटे फार झालेत, असा सगळ्यांचा समज. पण त्या काळात बाहेर पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडले जात होते. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून पुढे आलं, की बिबट्याला उचलून अनोळखी मुलखात सोडणं हेच माणसांवरच्या हल्ल्यांचं एक मोठं कारण ठरतं. आपण संख्येला घाबरत होतो आणि प्रश्न संख्येचा नव्हताच. २०११ नंतर वन विभाग, अभ्यासक आणि स्थानिक लोक एकत्र येऊन "मुंबईकर्स फॉर एसजीएनपी" हे काम उभं राहिलं. पिंजऱ्याऐवजी बोलणं, कचरा उचलणं, रात्री मुलांना एकटं बाहेर न सोडणं यावर भर आला. हल्ले पूर्ण थांबले नाहीत, आरेत लहान मुलं गेली आहेत, ते विसरून चालणार नाही. पण २००४ पुन्हा झालं नाही.

२०१५ मध्ये निकित सुर्वे यांनी कॅमेरा ट्रॅप लावून रीतसर मोजणी केली. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा, कारण बिबट्याच्या डाव्या अंगावरचे ठिपके उजव्यापेक्षा वेगळे असतात आणि दोन्ही बाजू मिळाल्या तरच ओळख पक्की होते. पार्क आणि आरेसह आजूबाजूच्या भागात ३५ बिबटे निघाले. २०१८ मध्ये ४७. जगात एवढ्या दाटीने बिबटे फार कमी ठिकाणी राहतात, आणि तेही या शहराच्या पोटात.

हे मोजलं कसं यापेक्षा मला त्या अभ्यासाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बिबटे खातात काय? विष्ठा तपासली तर हरणं, माकडं यांच्याबरोबर जवळजवळ पाव हिस्सा भटक्या कुत्र्यांचा निघाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका शोधनिबंधात हिशेब मांडला होता, की हे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्रे खात असतील आणि त्यामुळे माणसांना कुत्रा चावण्याच्या हजारभर घटना टळत असतील. बातमी झाली: "बिबट्या मुंबईकरांचा रक्षक". मला त्यात दुसरंच दिसलं. एवढे कुत्रे कडेला का आहेत? कचरा आहे म्हणून. म्हणजे बिबट्यांचा वाढलेला आकडा काही अंशी आपल्या उकिरड्याचा आकडा आहे. आता सांगा, ३५ चे ४७ झाले यावरून जंगलाची तब्येत सुधारली असं म्हणायचं का?

या सगळ्या मोजण्यांमध्ये एक दिवस असा येऊन गेला की जंगलाचं जुनं माप, पाण्याचं, पुन्हा समोर उभं राहिलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. विहार तलावावरच्या पर्जन्यमापकात त्याहून जास्त, १,०११ मिलिमीटर नोंदला गेला, हे कमी जणांना माहीत असतं. ढग फुटला तो आपल्या डोंगरावर. तिथून निघालेली मिठी नदी अठरा किलोमीटर खाली माहीमपर्यंत काय करत गेली ते सगळ्यांनी भोगलं. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला आणि नद्यांची पात्रं, नाले, अतिक्रमणं यांची झाडाझडती झाली.

त्या निमित्ताने अनेक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की आपल्या शहरात नद्या आहेत. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा, चौघींचा उगम याच डोंगररांगेत. दहिसर नदी तुळशीकडून येते, पार्कातून वाहते. पावसाळ्यात पार्कच्या आत ती बघा, तळाचे दगड दिसतात. तीच नदी गेटबाहेर येऊन वस्ती, तबेले, नाले घेत दहिसर पुलापर्यंत पोचली की नाकाला रुमाल लावावा लागतो. अंतर फार तर तीन-चार किलोमीटर. एकाच पाण्याच्या या दोन अवस्था शेजारी शेजारी दिसणं, हे पार्कच्या स्थितीबद्दल कुठल्याही प्राणिगणनेपेक्षा जास्त सांगून जातं.

मग जंगलाची स्थिती तपासायची कशी? अमेरिकेत नॅशनल पार्क ही कल्पना १८७२ मध्ये यलोस्टोनपासून सुरू झाली. तिथल्या पार्क खात्याची एक पद्धत मला आवडली. ते पाणी, हवा, माती, वनस्पती, प्राणी, रात्रीचा अंधार, शांतता अशी एकेक गोष्ट वेगळी घेतात. प्रत्येकीसमोर एक गोल. गोलाचा रंग हिरवा, पिवळा किंवा लाल: आजची स्थिती. आत बाण: सुधारतंय की बिघडतंय. आणि गोलाची कड जाड की तुटक, यावरून कळतं की या निष्कर्षाची खात्री किती. म्हणजे माहिती अपुरी असेल तर तेही चित्रातच दिसतं. आपल्याकडच्या सरकारी अहवालात असा तुटक कडेचा गोल मी अजून बघितलेला नाही. आपले सगळे गोल जाड.

तीच पद्धत आपल्या पार्कला मी माझ्यापुरती लावून बघितली. बिबट्या: हिरवा, कड जाड, कारण मोजणी चांगली झाली आहे, मात्र घोडबंदर रस्त्यावर गाडीखाली मेलेले बिबटे आणि उत्तरेला नागला भागाकडे जाणारी तुटत चाललेली वाट बघता बाण वर काढायचा धीर होत नाही. आतलं पाणी: हिरवा. कडेचं पाणी: लाल, यात चर्चाच नको. रात्रीचा अंधार: पश्चिमेच्या कडेला लाल, मागाठाणे, ठाकूर कॉम्प्लेक्सच्या टॉवरांतून रात्री डोंगराकडे बघा म्हणजे कळेल. झाडोरा: पिवळा, आणि कड तुटक. पार्कात वनस्पतींच्या हजारभर आणि पक्ष्यांच्या अडीचशेहून जास्त जाती आहेत, ही संख्या प्रत्येक माहितीपत्रकात असते. पण यादी म्हणजे स्थिती नव्हे. धनेशाचं नाव यादीत असतं. त्याला घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडं किती उरलीत, हा खरा प्रश्न. आणि जमिनीखालचं पाणी, झरे: तिथे मी रंगच भरला नाही.

हा शेवटचा गोल आत्ता सगळ्यात महत्त्वाचा आहे. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. ११.८ किलोमीटरचा मार्ग, त्यातले दहा किलोमीटरहून जास्त जमिनीखाली, पार्कच्या पोटातून. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा ४.७ किलोमीटरचा बोगदा वेगळा. घोडबंदरला दोन-दोन तास अडकणाऱ्यांपैकी मीही एक आहे, बोगदा झाला की मीही त्यातून जाईन. जंगल वरून कापण्यापेक्षा खालून जाणं बरं, हा युक्तिवादही मला पटतो. पण ज्वालामुखीच्या या खडकात पाणी भेगांमधून फिरतं. बोगदा अशा भेगा कापत जातो तेव्हा पाणी वाट बदलू शकतं. दहा वर्षांनी एखाद्या पाड्यावरचा झरा आटला, कान्हेरीचं एखादं टाकं फेब्रुवारीतच कोरडं पडू लागलं, तर ते बोगद्यामुळे, कमी पावसामुळे की आणखी कशामुळे हे सांगायला आधीची नोंद लागते. तीही एका वर्षाची नको, पाच-सात वर्षांची हवी, महिन्यागणिक.

नोंदी अगदीच नाहीत असं नाही, त्या विखुरलेल्या आहेत. तलावांची पातळी आणि पाऊस महापालिकेकडे, बिबटे वन विभागाकडे, नद्यांच्या पाण्याचे नमुने प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, लेणी आणि टाकी पुरातत्त्व खात्याकडे. भोवतालचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालं, कुठे शंभर मीटर तर कुठे चार किलोमीटर रुंद. त्याची देखरेख करणारी समिती आणखी वेगळी. प्रत्येकाच्या कपाटात आपापला कागद आहे. ते सगळे एका टेबलावर आणून दरवर्षी एक पुस्तिका काढली, मराठीत, लोकांना वाचता येईल अशी, तर खर्च फार येणार नाही. नगरसेवक, आमदार मंडळी ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी हे मागून बघावं. पुस्तिकेत झऱ्यांची यादी असावी, पाड्यांवरच्या लोकांना विचारून केलेली, त्यांच्या नावानिशी. कान्हेरीच्या पोढ्यांवर दात्यांची नावं आहेत तशी.

तोवर आपल्याला करता येण्यासारखं एक काम आहे. कारवी दर आठ वर्षांनी फुलते. आपल्या पार्कात ती २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. आता २०३२. या तिन्ही बहरांचे फोटो आपल्यापैकी कित्येकांच्या जुन्या फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये, अल्बममध्ये पडून आहेत. ते शोधा. फोटोत आपण कसे दिसतो ते सोडा, मागचा उतार कुठला ते बघा. तारीख आणि जागा आठवेल तितकी नेमकी लिहा: कान्हेरीच्या वरची बाजू, येऊरचा रस्ता, तुळशीकडची वाट, जे असेल ते. आणि खाली कमेंटमध्ये टाका. मी वर्षवार आणि जागेवार लावून ठेवतो. एकाच उताराचे २००८, २०१६ आणि २०२४ असे तीन फोटो मिळाले तर झाडोऱ्याच्या त्या तुटक कडेचं थोडंसं टोक तरी जोडता येईल. २००८ चे फोटो कमी असणार, तेव्हा सगळ्यांकडे कॅमेऱ्याचा फोन नव्हता, म्हणून ते आधी पाठवा.